घरापुरता उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत कसा टिकवावा?

दिंडोरीकर: गावी राहायला आलोय. घरापुरता ३ क्विंटल उन्हाळ कांदा आहे. खोलीत फरशीवर पसरलाय, खालचा थर सडतोय. मोठी कांदाचाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) परवडणार नाही. काय करावं?

निफाड_शिवार: बंद खोली हीच चूक. खालून हवा खेळली पाहिजे. बांबूचा माच करा, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, रुंदी ४ फुटांच्या आत, कामट्यांत (बांबूच्या पट्ट्यांत) बोटभर फट. ढीग ३ फूट पुरे. वर नुसता पत्रा नको, कांदा उकडतो. पत्र्यावर उसाचं पाचट टाका.

चांदवडचा: माच नंतर, आधी सुकवण बघा. काढल्यावर ३-४ दिवस शेतातच, एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यावर येईल असा पसरायचा, म्हणजे उन्हाचे चट्टे पडत नाहीत. मग मान एक-दीड इंच ठेवून पात कापा. अगदी बुडाशी कापली की तिथूनच सड शिरते. पुढे १०-१२ दिवस सावलीत. जोडकांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जाड मानेचे साठवूच नका, आधी खाऊन संपवा.

दिंडोरीकर: लागवडीनंतर अडीच महिन्यांनी युरिया टाकला होता. त्याचा संबंध?

चांदवडचा: आहेच की! लागवडीपासून ६० दिवसांनंतर नत्र (युरियात तेच असतं) दिलं की माना जाड राहतात, सुकत नाहीत. पाणीही काढणीआधी १५-२० दिवस तोडायचं.

निफाड_शिवार: पावसाळ्यात झड येते त्या बाजूला गोणपाट सोडा, उघडीप मिळाली की गुंडाळा. प्लास्टिक घट्ट बांधलं तर आत घाम धरतो. दर पंधरवड्याला सडका निवडा.