वाचक सर्वेक्षणात सगळेच 'समाधानी' निघतात, मग सुधारणा कशाची करायची?

वाचनकक्ष_२
विद्यापीठ ग्रंथालयाचं वार्षिक वाचक सर्वेक्षण. नोंदणीकृत वाचक ८०००, त्यात संशोधक विद्यार्थी साधारण ४००. फॉर्मची लिंक सगळ्यांना ईमेलने जाते आणि देवघेव काउंटरवर क्यूआर कोड लावलेला असतो. या वेळी ३१२ जणांनी भरला. प्रश्न २६, जवळजवळ सगळे 'अमुक सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, १ ते ५' अशा धर्तीचे. सरासरी सगळीकडे ४ च्या आगेमागे. ग्रंथालय समितीपुढे ठेवावं असं त्यातून काहीच हाती लागत नाही. प्रश्न बदलायचे की नमुना वाढवायचा? की लिबक्वालसारखी (ग्रंथालय सेवेचा दर्जा मोजणारं प्रमाणित सर्वेक्षण) तयार पद्धत घ्यायची?

मांडणी_क्रमांक
आधी प्रश्न बदला. समोर कर्मचारी बसलेला असताना 'समाधानी आहात का' असं विचारलं, तर माणूस भिडेखातर ४ च देणार. मत विचारण्याऐवजी काय घडलं ते विचारा, आणि कालावधी ठरवून द्या.

'पुस्तके व नियतकालिके सहज आणि वेळेवर मिळतात का?' हा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये असतो. त्यात चार प्रश्न कोंबलेले आहेत. ३ हे उत्तर आलं तर कमी पडतंय ते पुस्तकांत की नियतकालिकांत, शोधण्यात की वेळेत, हे कळायला मार्ग नाही. त्याऐवजी असं विचारा: 'गेल्या ३० दिवसांत ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत) उपलब्ध दिसणारं पुस्तक मांडणीवर सापडलं नाही, असं किती वेळा झालं?' पर्याय: एकदाही नाही, १-२ वेळा, ३ किंवा जास्त वेळा, या काळात पुस्तक शोधलंच नाही. हा शेवटचा पर्याय कधीही गाळू नका. तो नसला की सेवा न वापरणारेही मधलाच आकडा टेकवून पुढे जातात आणि सरासरी गुळमुळीत होते.

लगेच पुढचा प्रश्न: 'मग तुम्ही काय केलंत?' पर्याय: कर्मचाऱ्यांना विचारलं आणि सापडलं, विचारलं तरी सापडलं नाही, दुसरं पुस्तक घेतलं, तसाच परत गेलो. 'तसाच परत गेलो' म्हणणारे जास्त निघाले, तर मदत कुठे मागायची हेच लोकांना दिसत नाहीये. 'विचारलं, तरी सापडलं नाही' म्हणणारे जास्त असतील, तर दोष मांडणीत आहे. परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर अडकलीत, चुकीच्या कप्प्यात गेलीत, किंवा गहाळ होऊनही नोंदीत 'उपलब्ध' राहिलीत. तिन्हींचे उपाय वेगळे.

फॉर्म बनवायच्या आधी एक तक्ता करा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे 'उत्तर असं आलं तर आपण काय बदलणार'. उजवा रकाना रिकामा राहिला तो प्रश्न काढून टाका. २६ चे १०-१२ होतील, आणि मोबाइलवर पाच मिनिटांत भरून होतील. मग ६-८ वाचकांकडून फॉर्म मोठ्याने वाचून भरून घ्या. 'ई-संसाधने', 'आंतरग्रंथालयीन देवघेव' हे आपल्या रोजच्या तोंडचे शब्द, पण पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तिथेच अडखळतो.

आकडेमोड
नमुन्याबद्दल. ८००० वाचकांसाठी ९५ टक्के विश्वासपातळी (निष्कर्षाची खात्री) आणि ±५ टक्के त्रुटी (आकडा किती वर-खाली असू शकतो) धरली तर ३६७ उत्तरं लागतात. ३१२ वर त्रुटी सुमारे ±५.४ टक्के येते, म्हणजे संख्या फारशी कमी नाही. पण हे गणित यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारख्या निवडीलाच लागू पडतं. काउंटरवरचा क्यूआर कोड ज्याचं ग्रंथालयात येणं-जाणं आहे त्यालाच दिसतो. जो येणं सोडून बसलाय त्याचं मत तुम्हाला सगळ्यात जास्त हवं, आणि नेमका तोच निसटतो.

नोंदणी यादीतून १२०० नावं यादृच्छिक काढा. सरसकट काढली तर त्यात संशोधक ६० येतील आणि ३० टक्के प्रतिसाद धरला तर उत्तरं १८. एवढ्यांवरून काही बोलू नये. म्हणून संशोधक मुद्दाम २५० घ्या, बाकीचे ९५०. त्याच दराने ७५ आणि २८५, एकूण ३६० उत्तरं. एकत्रित आकडा काढताना मात्र भार (एक उत्तर कितीचं धरायचं ते) द्यायला विसरू नका: संशोधक वाचकांत ५ टक्के, उत्तरांत जवळपास २१ टक्के, म्हणून त्यांच्या प्रत्येक उत्तराला ०.२४ भार, इतरांना १.२. केवळ संशोधकांचा निष्कर्ष ±१० टक्क्यांच्या आसपास राहतो, त्यामुळे त्यातले बारीक फरक वाचत बसू नका.

आठवण दोनदाच, चौथ्या आणि दहाव्या दिवशी, आणि ज्यांनी भरलं नाही त्यांनाच. त्यासाठी प्रत्येकाला वेगळी लिंक लागते. मग फॉर्मवर 'निनावी' लिहू नका, कारण ते खरं नसतं. 'गोपनीय' लिहा आणि नावं उत्तरांपासून कधी वेगळी करणार तेही सांगा. परीक्षेचा आठवडा टाळा.

तीन_रकाने
लिबक्वाल २००० साली असोसिएशन ऑफ रिसर्च लायब्ररीज आणि टेक्सस ए अँड एम विद्यापीठ यांच्या कामातून आलं, पाया सर्व्हक्वालचा (सेवांचा दर्जा मोजायची आधीची पद्धत). मुख्य विधानं २२, आणि प्रत्येकाला १ ते ९ मध्ये तीन उत्तरं: किमान किती चालेल, किती हवं, प्रत्यक्ष किती मिळतं. तुमच्या '४ च्या आगेमागे'वर खरा उतारा इथे आहे. समजा शांत अभ्यासिका आणि छायाप्रत सेवा, दोन्हींचं प्रत्यक्ष ६.४. अभ्यासिकेचं किमान ६.८, छायाप्रतीचं ५.५. अभ्यासिका ०.४ ने उणी, छायाप्रत ०.९ ने वर. गुण तेच, पण पैसा आणि माणसं कुठे लावायची ते दिसतं.

पण २२ गुणिले ३ म्हणजे ६६ उत्तरं. लोक अर्ध्यात सोडतात. म्हणून याच्या लघु आवृत्तीत प्रत्येकाला निवडक विधानंच दिली जातात. तुम्ही स्वतःच्या ५-६ सेवांपुरते तीन रकाने ठेवा. मोबाइलवर तिसरा रकाना पडद्याबाहेर जातो आणि रिकामा राहतो, तेव्हा रकाने आडवे न मांडता एकाखाली एक द्या. 'हवं' हे 'किमान'पेक्षा कमी भरलेली उत्तरं बाजूला काढा. प्रश्न नीट वाचलेला नसतो.

वाचनकक्ष_२
सगळ्यांचे आभार. एक शंका: प्रश्न बदलले तर मागच्या वर्षांशी तुलना तुटेल ना?

मांडणी_क्रमांक
तुटेल. म्हणून जुने दोन-तीन प्रश्न शब्द, श्रेणी आणि पर्यायांचा क्रम न बदलता, फॉर्मच्या सुरुवातीलाच ठेवा. तरी या वर्षी आकडा खाली आला तर घाबरून जाऊ नका: आधी काउंटरवर किंवा स्वतःहून भरणारे होते, आता यादीतून निवडलेले आहेत. हा फरक समितीच्या टिपणात पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर सेवा घसरली असाच अर्थ काढला जाईल. आणि 'बसायला जागा मिळत नाही' असं उत्तर आलं, तर खुर्च्या मागण्याआधी दोन आठवडे दर तासाला मोजणी करा: माणूस बसलेल्या खुर्च्या वेगळ्या, फक्त पिशवी ठेवलेल्या वेगळ्या.