खेळातली चूक आणि वॉर्डातली चूक

रुग्णसुरक्षा हा गंभीर विषय असल्याने तो खेळातून नव्हे, व्याख्यानातूनच शिकवावा, असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. कोल्हापुरातील एका रुग्णालयात आम्ही रिकाम्या खोलीत खाटेवर पुतळा ठेवतो आणि मुद्दाम चुका पेरतो: मनगटपट्टीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव, खाटेचा कठडा खाली, केसपेपरवर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी ठळक लिहिलेली असूनही ट्रेमध्ये पेनिसिलिनच्याच गटातील अ‍ॅम्पिसिलिनचे इंजेक्शन, आणि लघवीची पिशवी खाटेच्या वर, सलाईनच्या स्टँडला टांगलेली. डॉक्टर, सिस्टर आणि सफाईच्या मावशी यांच्या एकत्रित गटाला या चुका शोधायला दहा मिनिटे मिळतात. एकदा ती पिशवी सर्वांत आधी मावशींना दिसली. पण डॉक्टरांसमोर बोलावे की नाही, या संकोचाने त्या पदराचे टोक हातात धरून गप्प उभ्या राहिल्या. त्या गप्प राहण्यावर नंतर झालेली चर्चा मला खेळाहूनही मोलाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीसुद्धा छेद घेण्यापूर्वी सर्वांना थांबून बोलायला लावते, ते याचसाठी. मात्र गुणफलक लावू नये, कारण क्रमांक लागू लागले की माणसे चूक दाखवण्याऐवजी झाकू लागतात. आणि चर्चेला वेळ नसेल, तर त्या दिवशी खेळ घेऊच नये.