मदत हवी आहे: डीमनचं डॉक्युमेंटेशन तीन ठिकाणी, तिन्हीकडे वेगळं

सी भाषेत लिहिलेला एक छोटा नेटवर्क डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सांभाळतो. कोड ठीक आहे, डॉक्युमेंटेशनचा मात्र नुसता पसारा. तीच माहिती सेक्शन ८ च्या (अ‍ॅडमिन कमांड्सच्या) मॅन पेजमध्ये, म्हणजे युनिक्सच्या मदतपानात, रीडमीत आणि नमुना कॉन्फिग फाइलच्या कॉमेंट्समध्ये. टाइमआउटचा डीफॉल्ट मॅन पेजमध्ये ३० सेकंद, नमुना फाइलमध्ये ६० आणि कोडमध्ये बघावं तर १२०! सिगहप सिग्नल दिला की कॉन्फिग पुन्हा वाचली जाते असं लिहिलंय, पण पोर्ट बदलायचा तर रीस्टार्टच लागतो, हे कुठेच नाही.

आतापर्यंत कॉन्फिगचे पर्याय वेगळे काढून सेक्शन ५ चं (फाइल फॉरमॅट्सचं) पान केलं. सेक्शन ८ मध्ये फ्लॅग आणि सिग्नल तेवढे ठेवले. मॅनडॉक या मॅन पेजच्या टूलचं लिंट (चुका तपासणारा मोड) चालवून मार्कअपच्या चुका काढल्या, पण मजकूर खरा की खोटा हे ते थोडंच सांगणार! ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने कोडमधली पर्यायांची नावं काढून पानाशी ताडली. नावं जुळतात, डीफॉल्ट हाती लागत नाहीत, कारण काही व्हॅल्यू रनटाइमला ठरतात.

पान एमडॉक या मॅन पेजच्या मार्कअपमध्येच हवं. बिल्ड बीएसडी आणि लिनक्स दोन्हीवर होतो, त्यासाठी पायथनसारखी नवी डिपेंडन्सी नको. जुने पर्याय काढता येणार नाहीत, लोकांच्या फाइल्समध्ये आहेत.

पर्यायाचं नाव, डीफॉल्ट आणि वर्णन सीमधल्या एकाच टेबलात ठेवून त्यातून सेक्शन ५ चं पान आणि नमुना फाइल दोन्ही कोणी तयार करतं का? की पान हातानेच लिहून डीफॉल्ट फक्त टेस्टमध्ये तपासलेले पुरतात?