जुने ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग मशीन घरी वापरण्यासाठी घ्यावे का?

मळेकरी, तासगाव

नमस्कार. आमची द्राक्षबाग आहे. मांडवाचा अँगल, ट्रॉलीचा फाळका किंवा कुळवाची पास तुटली की दरवेळी गावातल्या वर्कशॉपमध्ये जावे लागते आणि छाटणीच्या दिवसांत तेथे दोन-दोन दिवस नंबर लागत नाही. जवळच्या गावातील एक फॅब्रिकेशनचे दुकान बंद होत असून तेथील जुने, हवेवर थंड होणारे, चाकांवरचे ट्रान्सफॉर्मर मशीन विकायचे आहे. पाटीवर ४१५ व्होल्ट, दोन फेज, ओपन सर्किट (रॉड टेकवण्यापूर्वीचे) ८० व्होल्ट आणि कमाल ३०० अँपिअर असे लिहिले आहे. वाइंडिंग तांब्याची आहे आणि मशीन सिंगल फेजवरही चालते, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. घरी आमची जोडणी सिंगल फेजच आहे. थ्री फेज फक्त विहिरीवर, शेतीपंपासाठी आहे. मशीन घेण्यापूर्वी काय तपासावे आणि नवशिक्याने कोणत्या रॉडपासून सुरुवात करावी, हे जाणकारांनी सांगावे. शक्यतो या दिवाळीपूर्वी काम मार्गी लावायचे आहे.

मोटार रिवाइंडिंग, इचलकरंजी

मशीनवर किती अँपिअर लिहिले आहेत हे सगळे आधी पाहतात, परंतु आपल्याकडे येणारी वीज ते मशीन पेलेल का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. ट्रान्सफॉर्मरचा हिशेब सरळ असतो. ४१५ व्होल्ट दिल्यावर ८० व्होल्ट मिळतात. तेच मशीन २३० व्होल्टवर लावले तर त्याच प्रमाणात सुमारे ४४ व्होल्टच मिळतील. ६०१३ या वेल्डिंग रॉडचा आर्क (रॉड आणि लोखंड यांमधली विजेची ज्योत) नीट धरण्यासाठी साधारण ५० व्होल्ट तरी लागतात, त्यामुळे रॉड चिकटत राहील आणि तुम्हाला वाटेल की आपला हातच बसलेला नाही. सिंगल फेजसाठी प्रायमरीला, म्हणजे लाइनची वीज आत घेणाऱ्या वाइंडिंगला, वेगळे टॅपिंग (मधूनच बाहेर आणलेले जोडणीचे टोक) काढलेले असावे लागते. झाकण उघडून पाहा: ०, २३० आणि ४१५ असे तीन बोल्ट दिसले तर विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे, दोनच असतील तर ते मशीन तुमच्या घरी उपयोगाचे नाही.

टॅपिंग असले तरी पुढचा हिशेब राहतोच. १०० अँपिअरवर वेल्डिंग करताना ४१५ व्होल्टच्या जोडणीतून सुमारे १९ अँपिअर ओढले जातात, तर २३० व्होल्टच्या टॅपिंगवर तेच सुमारे ३५ अँपिअर होतात. घरातील १६ अँपिअरच्या प्लगला हे झेपत नाही. मीटरपासून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) आणि तेवढा मंजूर भार, असे सगळे लागेल. मशीन सुरू करताच क्षणभर मोठा प्रवाह खेचला जातो, म्हणून सी प्रकारचा एमसीबी विनाकारण पडतो. डी प्रकारचा घ्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका. ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामासाठी ती वापरणे हे विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडते.

आता तपासणीविषयी. वायर सर्व बाजूंनी मोकळ्या करून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारे यंत्र) लावावा: प्रायमरी ते बॉडी, सेकंडरी (रॉडकडे वीज देणारी वाइंडिंग) ते बॉडी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रायमरी ते सेकंडरी. एक मेगओहमपेक्षा कमी भरल्यास त्या अवस्थेत मशीनला वीज देऊ नये. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये थेट जोड दाखवला, तर ते मशीन फुकटही घेऊ नये. कारण तेव्हा रॉडच्या होल्डरमधून थेट लाइनचा झटका बसू शकतो. केवळ ओलसरपणामुळे आकडा खाली आला असेल तर त्यावर उपाय आहे. झाकण काढून आत १०० वॅटचे दोन साधे दिवे दोन दिवस पेटते ठेवावेत आणि पुन्हा मोजावे. तांबे ओळखण्यासाठी टर्मिनलजवळच्या पट्टीवरील वॉर्निश पॉलिश पेपरने नखाएवढ्या जागेवर हलकेच काढावे. लालसर चकाकी आली तर तांबे, पांढरी आली तर अ‍ॅल्युमिनियम. मशीन मोठ्याने खडखडत असेल तर बहुधा कोअरचे, म्हणजे आतील लोखंडी गाभ्याचे, बोल्ट सैल झालेले असतात. ते आवळता येतात, त्यासाठी सौदा मोडण्याचे कारण नाही.

फॅब्रिकेटर, रत्नागिरी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. रॉडविषयी आणि जिवाच्या काळजीविषयी थोडे सांगतो.

तुमच्या अँगलसाठी ६०१३ चा ३.१५ मिलिमीटरचा रॉड, म्हणजे दुकानात ज्याला दहा नंबर म्हणतात तो, १०० ते १२० अँपिअरवर वापरावा. बारा नंबर, म्हणजे २.५ मिलिमीटरचा, ६० ते ९० अँपिअरवर चालतो. पहिला आठवडा बागेतील वस्तूंना हात न लावता ५ मिलिमीटर जाडीच्या भंगार पट्टीवर सरळ रेघा ओढाव्यात. रॉडचे टोक आणि लोखंड यांमध्ये रॉडच्या जाडीइतकेच अंतर राहिले पाहिजे, आणि रॉड जळून आखूड होत जातो तसा हातही खाली येत गेला पाहिजे. नवशिक्याचे सर्वांत जास्त चुकते ते येथेच. नजर आर्कच्या झगझगाटावर न ठेवता त्याच्या मागे तयार होणाऱ्या वितळलेल्या डबक्याच्या कडेवर ठेवावी. बीड (वेल्डची रेघ) चांगला बसला असेल तर निवताना स्लॅगची (वर जमणाऱ्या मळीची) खपली कडेने स्वतःच उचलली जाते आणि हातोडीच्या एका टोल्यात सुटते. ती कोरून काढावी लागत असेल तर करंट कमी आहे किंवा हात घाईचा आहे. १८ गेजच्या चौकोनी पाइपला मात्र अशा जुन्या मशीनवर हमखास भोके पडतात. तुमचे काम मुख्यतः पातळ पाइपचे असते तर मी इन्व्हर्टर मशीन घ्या असेच सांगितले असते.

जीआय पाइपवरील जस्ताचा थर ग्राइंडरने काढल्याशिवाय आर्क लावू नये, कारण त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. डोळ्यांपुढची वेल्डिंगची काच १० किंवा ११ शेडचीच (गडदपणाचा नंबर) हवी. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने फक्त टॅक (जागेवर धरून ठेवणारे छोटे टाके) मारायचे म्हणून काच न लावता दुपारभर काम केले. मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन तो उठून बसला. घरच्यांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. मी त्याला सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले आणि ते आधीच करायला हवे होते, याची मला आजही खंत वाटते.

आणखी एक. जॉबला चिमट्याने लावतो त्या वायरीला आपण सर्रास ‘अर्थ’ म्हणतो, पण ती परतीची वायर आहे. मशीनच्या बॉडीचे अर्थिंग वेगळे आणि आवश्यकच आहे. घरातील आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पडणारा स्विच) होल्डरच्या बाजूचा झटका ओळखू शकत नाही, कारण ती बाजू लाइनपासून विलग असते. ८० व्होल्ट एसी ओल्या अंगाला जीवघेणे ठरू शकतात. म्हणून पावसाळ्यात, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी किंवा अनवाणी पायांनी रॉड बदलू नये.

मळेकरी, तासगाव

दोघांचेही मनापासून आभार. काल झाकण उघडून पाहिले. प्रायमरीला दोनच बोल्ट आहेत, टॅपिंग नाही. घासल्यावर तांबे निघाले. तालुक्याच्या वाइंडरला सोबत नेले होते. प्रायमरी ते बॉडी ०.६ मेगओहम आणि प्रायमरी ते सेकंडरी ९ मेगओहम भरले. मशीन दोन वर्षे गळक्या पत्र्याखाली उभे होते, हे विक्रेत्याने तेव्हा सांगितले. दिव्यांनी सुकवल्यावर पुन्हा मोजायचे आणि आकडा वर आला तरच व्यवहार करायचा, असे ठरले आहे. घरामागच्या शेडसाठी थ्री फेज जोडणीचा अर्ज उद्या महावितरणच्या कार्यालयात देतो. जोडणी मिळेपर्यंत मशीन घेतले तरी ते झाकूनच ठेवीन. दिवाळीचा हट्ट सोडला आहे.

मोटार रिवाइंडिंग, इचलकरंजी

योग्य निर्णय. सुकवल्यानंतर आकडा त्याच दिवशी, मशीन पूर्ण निवल्यावर घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा घ्या. सकाळचा आकडा पुन्हा एकच्या खाली घसरला तर दोष ओलाव्याचा नसून इन्सुलेशनचा आहे, आणि मग किमतीतून रिवाइंडिंगचा खर्च वजा करूनच बोलणी करावीत.