दुपारी शटर ओढायचं की उघडं ठेवायचं? वामकुक्षी, गल्ला आणि तब्येत

फोंड्याचा दुकानदार

गोव्यात फोंड्याला माझं नळ-पाइप आणि रंगाचं दुकान आहे. बत्तीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून दुपारी १ वाजता शटर खाली, साडेतीनला वर. वडिलांच्या वेळी त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे, कारण अख्खा बाजारच त्या वेळी शांत असायचा. आता मुलगी म्हणते, "बाबा, रोजचे अडीच तास म्हणजे महिन्याचे पासष्ट तास झाले. तेवढ्यात गिऱ्हाईक मोबाइलवरून माल मागवून मोकळं होतं." तिचं म्हणणं झिडकारण्यासारखं नव्हतं. म्हणून यंदा एप्रिल-मे दोन महिने दुकान सलग उघडं ठेवलं आणि रोजचं वहीत लिहीत गेलो.

दुपारच्या वेळात रोज सात-आठ बिलं व्हायची. येणाऱ्याला विचारायचो, बंद असतं तर काय केलं असतंत? निम्म्याहून जास्त जण म्हणायचे, चारला आलो असतो. म्हणजे खरा वाढीव धंदा रोजचा साधारण १,४०० रुपयांचा. त्यातून आमच्या हातात १२ टक्के राहतात असं धरा, म्हणजे १६८ रुपये. दुपारी थांबणाऱ्या पोराला जादा १२० रुपये. पंखे-दिवे वेगळेच. उरले चाळीस-पंचेचाळीस.

आणि गेलं काय, तेही सांगतो. संध्याकाळी सहानंतर माझं डोकं चालेनासं झालं. पाऊण इंचीच्या जागी अर्ध्या इंचीचे सांधे बांधून दिले. एका ओळखीच्याची २,३०० रुपयांची उधारी लिहायचीच राहिली, ती त्यानेच आणून दिली म्हणून कळलं. घरी गेल्यावर कोणाशी धड बोलणं नाही. पूर्वी रात्री जेवणाआधी नातवाला घेऊन चौकापर्यंत जायचो, ते दोन महिने बंद.

दुपारी एक ते तीनच्या दरम्यान माणसाची तरतरी उतरते, ती नुसत्या भाताने नाही. जेवला नाहीत तरी शरीराच्या रोजच्या घड्याळात तिथे एक उतार असतोच. २००७ साली ग्रीसमधल्या २३,६८१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून तीनदा तरी अर्धा तास किंवा जास्त दुपारी झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण ३७ टक्के कमी दिसलं, आणि नोकरी-धंदा करणाऱ्या पुरुषांत हा फरक जास्त ठळक होता. बाहेरचे लोक याला गोंयकारांचा सुशेगादपणा, म्हणजे निवांतपणा म्हणतात, पोर्तुगीज ठेवून गेले म्हणतात. दुपारच्या झोपेचा स्पॅनिश शब्द 'सिएस्ता' लॅटिनमधल्या सहाव्या तासावरून, म्हणजे भर दुपारवरून आला, हे खरं. पण जेवून डाव्या कुशीवर लवंडायला 'वामकुक्षी' हा आपला स्वतःचा शब्द आहे. तो काय लिस्बनहून आला?

२०२१ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर गोवा फॉरवर्ड पक्षाच्या विजय सरदेसाईंनी दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती देऊ म्हटलं, तेव्हा लोक हसले होते. सक्ती मलाही नको. पण ही सवय मोडू नये असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

कुर्टीचा नळकामवाला

काका, तुमच्याकडूनच माल घेत असेन कदाचित, म्हणून मान ठेवून सांगतो. तुमची वही बरोबर आहे, पण ती फक्त तुमच्या गल्ल्याची वही आहे.

माझी बाजू ऐका. सकाळी नऊला कोणाच्या तरी न्हाणीघराची फरशी उघडतो. जुना पाइप काढल्यावरच कळतं आत काय आहे. दीड वाजता लक्षात येतं की एक एल्बो आणि एक युनियन (पाइप जोडायचे सांधे) कमी पडतेय. पन्नास-साठ रुपयांची वस्तू. दुकानं बंद. मी आणि माझा मदतनीस दोन तास जिन्यावर बसून राहतो. त्याचा रोज चालूच असतो. घरात पाणी बंद, म्हातारी माणसं बादल्या घेऊन शेजारी. जे काम चारला संपलं असतं ते साताला संपतं आणि दुसऱ्या ठिकाणी कबूल केलेलं उद्यावर जातं. महिन्यातून चारदा असं झालं तरी माझे दोन पूर्ण दिवस गेले. बंद ठेवून तुमचे रोजचे चाळीसच रुपये बुडाले, पण माझे हजारो गेले.

आता मी काय करतो ते ऐका. दर कामाला लागेल-न लागेल असा माल आधीच जास्तीचा नेतो, आणि तो बायपासवरच्या मोठ्या दुकानातून, कारण ते दुपारी उघडं असतं. म्हणजे चारला येणारं गिऱ्हाईक तुमच्या वहीत दिसलं, मी दिसलो नाही. जो येणंच सोडून देतो, त्याची नोंद कशी होणार?

माशेलचा आजोबा

कोणाचंही चुकत नाही, पण दुपारच्या विश्रांतीमागे दिवसाची एक अख्खी मांडणी होती, ती कोणी बोलत नाही. आमच्या लहानपणी शेतावरची माणसं उजाडायच्या आत निघत. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, बरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा नाहीतर खारातलं आंबट तोर, म्हणजे कैरी. उन्हं तापेपर्यंत अर्ध्याहून जास्त काम हातावेगळं झालेलं असे. मग दुपारचं शीत-कडी आणि पडवीत थोडं पडणं. उन्हं कलली की परत शेतात. आठ-साडेआठाला गाव झोपलेलं.

आणि सगळेच झोपत असंही नाही. रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढायचा, त्यात एक फेरी भर दुपारची. त्याला कोण म्हणणार, जरा पड म्हणून?

आता रात्री बारापर्यंत मोबाइल बघायचा, सकाळी आठाला उठायचं, दहाला दुकान उघडायचं आणि एकला परत झोपायचं, याला मी वामकुक्षी म्हणणार नाही. ती रात्रीची उधारी दुपारी फेडणं झालं.

पहिली पाळी

मी वेर्ण्याला कारखान्यात आहे. पाळी सहा ते दोन. कंपनीची बस पावणेतीनला फोंड्याला सोडते. तिथून गावाकडची बस सव्वातीनला. त्या अर्ध्या तासात मला पोराची वही, घरचा बल्ब, शिंप्याकडचा ब्लाउज अशी चार कामं उरकायची असतात. सगळीकडे कुलूप. साडेतीनपर्यंत थांबले तर पुढची बस साडेचारची, आणि घरी सासूबाई लहान पोराला धरून बसलेल्या.

शेवटी ते सगळं मोबाइलवरूनच मागवते. महाग पडतं, मापाचं येत नाही, परत पाठवावं लागतं. मला ओळखीच्या दुकानातूनच घ्यायचंय. तुमच्या मुलीला माझ्याकडून सांगा, ती बरोबर बोलतेय.

आणि काका, दुपारची झोप हृदयाला चांगली असेल तर ती आम्हाला का नाही? मशीनवर उभ्या असलेल्या बाईला दुपारी एकला कोणी पाठ टेकू देत नाही. ही सवय ज्याच्या हातात शटर आहे त्याचीच.

रक्त तपासणारी

मी प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. पण रोज सकाळी उपाशीपोटी आलेल्यांच्या रांगेत जे बघते त्यावरून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के. गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. वीस वर्षांवरच्या दर चार माणसांत एकाहून जास्त! हे वाचून मला दोन दिवस चैन पडलं नव्हतं, कारण ते चेहरे मला माहीत आहेत.

दुकानदारकाकांनी ग्रीसचा अभ्यास दिला तो खरा आहे. पण दुसरी बाजूही आहे. दुपारी तासाभराहून जास्त झोपणाऱ्यांत मधुमेह आणि रक्तदाब जास्त आढळतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. झोपेमुळे आजार होतो की आजारामुळे झोप येते, हा गुंता आहे, त्यामुळे मी झोपेला गुन्हेगार ठरवणार नाही. पण ताटभर भात, तळलेला बांगडा, आणि हात धुतल्या धुतल्या दोन तास आडवं, हे आपल्याकडे घरोघर चालतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं नुसतं चाललं तरी साखर तेवढी उसळत नाही. आपण नेमकं त्याच वेळी पडतो.

झोपायचंच तर वीस-तीस मिनिटं, गजर लावून. त्यापुढे गेलात की गाढ झोप लागते आणि उठल्यावर तासभर जड वाटतं. तुम्ही साडेतीनला शटर वर करता ना, मग चहा दोनदा घ्यावा लागतो का ते सांगा. आणि त्यात साखर किती?

बाकी आयुर्वेदातही दिवसा झोपायची मोकळीक सरसकट नाही. उन्हाळ्यात आहे, शिवाय म्हातारी माणसं, मुलं, आजारी आणि कष्टाने थकलेले यांना आहे. भर पावसाळ्यात गल्ल्यावर बसणाऱ्याला नाही.

म्हापशाहून

पुण्याच्या एक ते चारवर आयुष्यभर विनोद ऐकले. चितळ्यांनीसुद्धा २०१७ साली दुपारची सुट्टी बंद केली. त्यांचं काही बिघडलं नाही. आपणच का अडून बसायचं?

फोंड्याचा दुकानदार

@म्हापशाहून, त्यांच्याकडे पाळीने माणसं आहेत. माझ्याकडे मी आणि एक पोर. अशी तुलना करू नका हो.

डिचोलीची सून

इतका वेळ वाचत होते. पुरुषांनी लिहिलं, पहिल्या पाळीच्या ताईंनी लिहिलं, पण घरात दुपारी काय चालतं ते कोणी लिहिलं नाही.

माझ्या सासऱ्यांचंही दुकान होतं. एकला घरी यायचे, सव्वाला पान वाढलेलं लागायचं, पावणेदोनला आत पंखा सुरू. त्या ताटामागे सासूबाईंची सकाळ गेलेली असायची. नुस्तं (मासळी) निवडून, कापून, नारळ खवून, वाटण वाटून कडी. मग सगळ्यांची भांडी, ओटा, मासळीच्या वासाची पाटी धुणं, वाळत घातलेले कपडे आणि आमसुलं उलटणं. कोणी झोपलंय म्हणून हे सगळं आवाज न करता. पातेलं पडलं की आतून खाकरणं ऐकू यायचं. तीनला त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि सव्वातीनला चहाचं आधण.

त्या बासष्टाव्या वर्षी गेल्या. साखरच होती. दुपारी पडलेल्या मी त्यांना फक्त बाळंतिणीच्या खोलीत पाहिलं, आणि तेही माझ्या शेजारी, बाळाला धरून.

सवय चांगली आहे हो, मला मान्य आहे. ती कोणाच्या जिवावर चालते एवढंच बघा. काका, तुमच्याकडे एक ते साडेतीन घरी कोण जागं असतं?

कुर्टीचा नळकामवाला

ताई, माझ्याही घरी हेच. आई आठवली.

माशेलचा आजोबा

सूनबाई, तुझं खरं आहे. मी मघाशी पडवीचं लिहिलं आणि आतल्या खोलीचं नाही लिहिलं. आमची आयसुद्धा मला झोपलेली आठवत नाही.

फोंड्याचा दुकानदार

उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी घरी बोलायचं होतं.

डिचोलीच्या ताई, तुमचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "अडीचला पडते मी, पण तुम्ही तीनला चहा मागता." बत्तीस वर्षांत मी हे मोजलं नव्हतं. नळ-पाइपांची वही रोज लिहितो आणि हे कधी नाही लिहिलं. परवापासून भांडी मी घासतोय. वीस मिनिटांचं काम आहे, आणि उभं राहून होतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या ताईंचंही थोडं ऐकल्यासारखं होईल. चहा आता खाली टपरीवर घेतो, बिनसाखरेचा जमत नाही अजून, एक चमचा.

झोप मात्र मी सोडणार नाही. अर्ध्या तासाचा गजर लावून पाहिला. पहिल्या दिवशी चिडचिड झाली, दुसऱ्या दिवशी खरंच हलकं वाटलं. म्हणजे अडीच तासांची गरज नव्हती, हे कबूल करतो. मुलीशी बोलून ठरवलंय की १ ते अडीच बंद ठेवायचं. पहिल्या पाळीच्या ताईंना पावणेतीनला दुकान उघडं मिळेल, बल्ब आमच्याकडे मिळतो.

कुर्टीच्या भाऊंचं राहिलं. दीड वाजताचा एल्बो. त्यावर शटरवर पोराचा फोन नंबर लिहायचा विचार आहे, पण मग त्याच्या जेवणाचं काय, हा प्रश्न परत उरतोच. तो कुंडईहून डबा घेऊन येतो आणि त्याच वेळात दुकानाच्या मागे चटईवर पडतो. त्याचीही दुपारच आहे.

कुर्टीचा नळकामवाला

त्याला उठवू नका. मी सकाळी निघतानाच फोन करून काय काय लागू शकतं ते सांगत जाईन, तुम्ही पिशवी बांधून ठेवा. जे लागणार नाही ते संध्याकाळी परत आणून देतो. परत घेणार ना?

फोंड्याचा दुकानदार

घेईन. पाइप कापलेला नसला म्हणजे झालं.

पहिली पाळी

अडीचचं वाचून बरं वाटलं. पण शिंपी अजून चारलाच उघडतो.