'तू आहेस तशीच छान' एवढ्यानं भागत नाही

एका ताईंनी लिहिलंय की हल्लीच्या प्रेमकथांत नायिका जाड असली तरी नायकानं 'तू आहेस तशीच छान' म्हटलं की विषय मिटतो. मी तिथंच अडले. हा विषय एका वाक्यात मिटत नाही हो!

लग्न ठरल्यावर कोल्हापुरात महाद्वार रोडला ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते. शिंप्यानं दंडाला टेप लावून आकडा मोठ्यानं सांगितला, वहीत लिहिणाऱ्या पोऱ्यानं तो परत मोठ्यानं म्हटला. हे बाहेर बाकावरच बसलेले. मग रंकाळ्यावर भेळ घेतली, मी दोन घास खाऊन बाजूला ठेवली. "पोट भरलं काय?" "हो." त्या 'हो'चा खरा अर्थ सांगायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली. मला कथेत ती दोन वर्षं वाचायची असतात.

टालिया हिबर्टची २०१९ची 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन' ही इंग्रजी कादंबरी मला म्हणूनच जवळची वाटते. क्लोई जाड आहे, तिला फायब्रोमायल्जिया आहे, सततचं दुखणं. पण आधी बारीक हो, मग प्रेम मिळेल, असला सौदा तिथं नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनो, नायकाला कौतुकाआधी प्रश्न विचारू द्या, आणि तिचं उत्तर येईपर्यंत गप्प बसू द्या. त्या 'हो'चा अर्थ मी सांगितला त्या रात्री आमचे हे तसेच बसले होते. मी बोलायला लागले तेव्हा चहा पार गार झाला होता.