मदत हवी आहे: वाळवलेली शिताके अळंबी, सासूबाईंचे पथ्य आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध)

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझे धाकटे दीर जपानहून येताना वाळवलेल्या शिताके अळंबीचे एक आणि रेशी या औषधी मानल्या जाणाऱ्या अळंबीच्या कापांचे एक, अशी दोन पाकिटे घेऊन आले आहेत. सासूबाईंचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, आणि शिताकेतील एरिटाडेनीन या घटकाने ते उतरते असे दिरांच्या वाचनात आले होते. तो परिणाम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला असल्यामुळे मी मात्र शिताकेकडे औषध म्हणून नव्हे, तर चांगला आहार म्हणून पाहते.

सासूबाईंचे माहेर पेठ तालुक्यातले. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी खाऊनच त्या वाढल्या, त्यामुळे त्यांना या पाकिटाचे फार अप्रूप आहे. पहिल्या खेपेस मी ती अर्धा तास गरम पाण्यात भिजवून काळ्या मसाल्याच्या रश्श्यात घातली. टोप्या मऊ झाल्या, पण देठ सुतळीसारखे चिवट राहिले आणि मसाल्यापुढे अळंबीची चवच लागेना. शिवाय भिजवलेले तपकिरी पाणी मी ओतून दिले होते. खरी चव त्यातच उतरते, हे मला नंतर कळले. दुसऱ्या खेपेस ती रात्रभर फ्रिजमध्ये थंड पाण्यात भिजवली आणि तळाचा गाळ सोडून वरचे पाणी मुगाच्या वरणात घातले. फोडणी फक्त जिरे-लसणाची दिली. सासूबाईंनी वाटी पुन्हा पुढे केली.

अशा कमी मसाल्याच्या आणखी पाककृती कृपया सुचवा. देठांचे तुम्ही काय करता? अर्धीकच्ची शिताके खाल्ल्याने काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात आणि त्याला तिच्यातील लेंटिनान कारणीभूत मानतात, म्हणून मी ती वीस मिनिटे उकळते. पण तव्यावर परतताना ती पूर्ण शिजल्याचे कसे ओळखावे?

रेशी कडू आणि लाकडासारखी कठीण असल्याने तिचा काढाच करतात. सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली असून त्या वॉरफरिन घेतात, आणि रेशीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, त्यामुळे ते पाकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडायचे नाही, असे मी दिरांना स्पष्ट सांगितले आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी वॉरफरिन चालू असताना शिताके नियमित खाल्ली जात असेल, तर डॉक्टरांनी किती प्रमाण ठरवून दिले आणि आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) तपासणी किती दिवसांनी करायला सांगितली, हे कृपया कळवावे.